तीनातली एक नळी वेगळी काढताना

भट्टीतून निघालेली कार्बन नॅनोट्यूबची भुकटी काळीकुट्ट आणि वजनाला अगदी हलकी असते. तिच्यातल्या एकेका नळीचा व्यास जेमतेम एक-दोन नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. लांबी मात्र व्यासाच्या शेकडो-हजारो पट. या नळ्यांतून इलेक्ट्रॉन फारसे न अडखळता धावतात, म्हणून सिलिकॉनच्या जागी यांचे ट्रान्झिस्टर करावेत ही कल्पना जुनीच आहे. १९९३ मध्ये एकपदरी नळ्या हाती आल्या आणि १९९८ मध्ये डेल्फ्ट विद्यापीठात आणि आयबीएममध्ये एकेका नळीवर ट्रान्झिस्टर चालवूनही दाखवला गेला. तरीही आपल्या फोनमध्ये आजही सिलिकॉनच आहे. याचं एक मोठं कारण असं, की भुकटीतल्या सगळ्या नळ्या एका जातीच्या नसतात.

षटकोनी छिद्रांची तारेची जाळी गुंडाळून नळी करायची झाली, तर ती सरळ गुंडाळता येते किंवा कमी-जास्त तिरकी. कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या जाळीचं तसंच आहे. ती कशी गुंडाळली गेली हे दोन अंकांनी लिहितात. या अंकांची वजाबाकी शून्य असेल किंवा तिला तीनने भाग जात असेल, तर नळी धातूसारखी वीज वाहून नेते. नाही तर ती अर्धवाहक असते, म्हणजे तिच्यातला प्रवाह हवा तेव्हा चालू-बंद करता येतो. (६,५) ही नळी अर्धवाहक, तर (७,४) धातूसारखी. दोघींच्या व्यासातला फरक नॅनोमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका, म्हणजे एका अणूच्या आकारापेक्षाही कितीतरी कमी! गुंडाळण्याचे सगळे प्रकार सारख्याच प्रमाणात तयार झाले, तर साधारण एक तृतीयांश नळ्या धातूच्या स्वभावाच्या निघतात.

ट्रान्झिस्टरचं काम वीजप्रवाह चालू-बंद करण्याचं. धातूसारखी नळी बंद होतच नाही. समजा एका ट्रान्झिस्टरमध्ये दहा नळ्या आहेत आणि माल ९९ टक्के शुद्ध आहे. ऐकायला छान वाटतं, पण हिशोब केला तर दर दहा ट्रान्झिस्टरांमागे जवळपास एक बिघडलेला निघतो. शुद्धता ९९.९९९९ टक्क्यांवर नेली तरी लाखामागे एक बिघडतोच, आणि चिपवर ट्रान्झिस्टर असतात अब्जावधी. म्हणून या क्षेत्रातली माणसं शुद्धतेबद्दल बोलताना दशांश चिन्हापुढचे नऊ मोजतात.

नळ्या निवडण्याचे मार्ग अनेक आहेत, पण मला सर्वात सुंदर वाटतो तो पॉलिमरचा, म्हणजे लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेल्या लांब साखळीचा. २००७ मध्ये ऑक्सफर्डमधल्या गटाने दाखवलं, की पॉलिफ्लुओरीन नावाचं पॉलिमर टोल्युइन या द्रवात विरघळवून त्यात नळ्या घोळवल्या, तर ते अर्धवाहक नळ्यांनाच धरतं आणि धातूच्या स्वभावाच्या नळ्या जवळजवळ सगळ्या मागे टाकतं.

प्रत्यक्षात काम असं चालतं. सुट्या नळ्या मुळात मिळतच नाहीत. त्या एकमेकींना लगटून जुड्या करून बसलेल्या असतात. एक मायक्रोमीटर लांबीवर चिकटलेल्या दोन नळ्या वेगळ्या करायला सुमारे ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, तर कार्बन-कार्बनमधला एक साधा बंध तोडायला तीन-चार पुरतात. म्हणून मिश्रणात धातूची कांडी बुडवून श्रवणातीत ध्वनिलहरी सोडतात. जुडीचं टोक जरासं उकललं की पॉलिमर त्या फटीत शिरतं. त्याच्या कण्यातली सपाट कडी नळीच्या भिंतीला चिकटतात आणि बाजूला लोंबणाऱ्या आठ-आठ कार्बनच्या साखळ्या द्रवात पसरून नळीला तरंगत ठेवतात. मग मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवायचं. जुड्या आणि धातूच्या स्वभावाच्या नळ्या तळाला साका होऊन बसतात, हव्या त्या नळ्या वरच्या निवळीत राहतात. (६,५) नळ्यांची निवळी जांभळी दिसते. काळ्या भुकटीतून असा रंग निघणं हीच निवड झाल्याची पहिली खूण.

ध्वनिलहरींचा एक तोटा म्हणजे त्या नळ्याही तोडतात. २०१६ मध्ये हायडेलबर्गच्या गटाने त्याऐवजी वेगाने फिरणाऱ्या पात्यांचं घुसळण वापरलं आणि नळ्या लांब राहिल्या.

पॉलिमरला हा भेद कळतो कसा? धातूच्या स्वभावाच्या नळ्यांमधले इलेक्ट्रॉन सहज सरकतात, त्यामुळे त्यांची आपापसातली ओढ जास्त असते आणि टोल्युइनसारख्या कमी ध्रुवीय द्रवात त्या पुन्हा जुड्या करतात, असं एक स्पष्टीकरण आहे. त्याला बळ देणारी गोष्ट म्हणजे टोल्युइनऐवजी क्लोरोफॉर्म घेतलं, की तेच पॉलिमर सरसकट सगळ्या नळ्या उचलतं. नेमक्या यंत्रणेवर मात्र संशोधकांमध्ये अजून एकमत नाही. पण एवढं दिसतं, की पॉलिमर एकटं निवड करत नाही; पॉलिमर आणि द्रव यांची जोडी ती करते.

पाण्यातही असे खेळ चालतात. ड्यूपाँटमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये डीएनएच्या साखळ्या नळ्यांभोवती गुंडाळून त्या निवडून दाखवल्या. डीएनए हेही शेवटी पॉलिमरच. पुढे पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि डेक्स्ट्रान ही दोन पॉलिमरं पाण्यात मिसळून एकमेकांत न मिसळणारे दोन थर करायचे आणि नळ्यांना आपापला थर निवडू द्यायचा, ही पद्धतही रुजली.

मात्र चिपसाठी लागणाऱ्या शुद्धतेच्या शर्यतीत टोल्युइनमधली पॉलिमरं पुढे गेली आहेत. बीजिंगमधल्या पेकिंग विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये नळ्या पुन्हा पुन्हा घोळवून आणि निवडून ९९.९९९९ टक्क्यांच्या वर शुद्धता गाठली आणि दहा सेंटिमीटरच्या चकतीवर मायक्रोमीटरमागे १०० ते २०० नळ्या ओळीने मांडल्या. त्याआधी २०१९ मध्ये एमआयटीत चौदा हजारांहून जास्त नॅनोट्यूब ट्रान्झिस्टरांचा प्रोसेसर चालला होता. तिथे उरल्यासुरल्या धातूच्या स्वभावाच्या नळ्यांचा त्रास कमीत कमी होईल अशी परिपथाची रचनाच आधी आखली होती.

एवढं जमल्यावर अडचण उभी राहते ती पॉलिमरचीच. ज्या घट्ट मिठीमुळे नळी निवडली गेली, तीच आता नळी आणि धातूच्या जोडणीमध्ये आड येते, आणि तिथे विजेला होणारा विरोध वाढतो. नुसतं धुऊन पॉलिमर पूर्ण निघत नाही. माझ्या मते या क्षेत्रातलं आजचं सर्वात कल्पक रसायनशास्त्र इथेच घडतंय. विस्कॉन्सिनमधल्या गटाने पॉलिफ्लुओरीनच्या कण्यात बायपिरिडीन या धातूला धरणाऱ्या रेणूचे तुकडे गुंफले. त्यांना धातूचं संयुग दिलं, की पॉलिमर त्याच्याशी जुळतं आणि नळी सोडतं. स्टॅनफर्डमधल्या गटाने कण्यातल्या कड्या अशा बंधांनी जोडल्या, की आम्लाचे थेंब पडताच साखळीचे तुकडे व्हावेत. नळ्या मोकळ्या होतात, आणि विरघळलेले तुकडे गोळा करून त्यांच्यापासून पुढच्या खेपेसाठी तेच पॉलिमर पुन्हा बनवता येतं.