तारीख हुकली म्हणून डोस पहिल्यापासून? नाही!
‘गावी गेलो, डोस चुकला, आता सगळी इंजेक्शनं पहिल्यापासून’ हे बाळाच्या लसीकरणाबद्दल नवी मुंबईतल्या घणसोली-तुर्भ्यात वर्षानुवर्षं ऐकू येतं. साफ चूक. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकच लस) बाळाच्या वयाच्या 6, 10 आणि 14 आठवड्यांना देतात. पहिला डोस झाला आणि गणपतीत कोकणात महिना गेला, तर परतल्यावर दुसराच द्यायचा आणि त्यानंतर किमान 4 आठवड्यांनी तिसरा. झालेला डोस वाया जात नाही. मात्र उशिरालाही मर्यादा आहे: सरकारी कार्यक्रमात बीसीजी (क्षयरोगाची लस) वयाच्या 1 वर्षापर्यंतच, गोवर-रुबेला 5 वर्षांपर्यंत. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात हे सगळं मोफत. रेशनकार्डाचा रंग कुणी पाहत नाही. गावचं लसीकरण कार्ड तेवढं सोबत न्या, त्यावरचे डोस धरले जातात. आणि हो, 10 व 16 व्या वर्षाचं टीडी (धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन) पालक हमखास विसरतात.