नॉन-लिनियर म्हणजे दहा एंडिंग नव्हे

डिटेक्टिव्ह गेमचा प्लॉट नॉन-लिनियर, म्हणजे एकाच ठरलेल्या क्रमाने न जाणारा, करायचा तर प्रत्येक चॉइसला नवी फांदी आणि शेवटी चार-पाच वेगवेगळे खुनी, असं वर्षानुवर्षं सांगतात, पण तसं नाहीये. खुनी एकच ठेवा, मोकळा सोडायचा तो शोधण्याचा क्रम. २०१५ चा 'हर स्टोरी' हा गेम बघा ना, पोलीस चौकशीच्या सगळ्या व्हिडिओ क्लिप आधीच ठरलेल्या, आपण शब्द टाइप करून सर्च मारायचा आणि एका वेळी पहिल्या ५ च बघायला मिळतात, त्यामुळे महत्त्वाचं वाक्य कुणाला दहाव्या मिनिटाला सापडतं तर कुणाला पार शेवटी. खरी मेहनत पुरावे पेरण्यात असते, एका निष्कर्षासाठी निदान ३, कारण एक प्लेयरच्या नजरेतून सुटतोच आणि दुसऱ्याचा तो भलताच अर्थ लावतो. संशयिताचे डायलॉगही सीन नंबरवर नाही, प्लेयरला काय सापडलंय, उदाहरणार्थ 'किल्ली मिळालीय का', यावर बांधायचे.