‘कनेक्ट होत नाही’ म्हणून फोन करण्याआधी

(आमच्या पोर्टलवरून पुण्याच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या बऱ्याच संगणकांवर) काम टाकणाऱ्या ग्राहकांसाठी)

रत्नागिरीच्या आमच्या ऑफिसात येणारे बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात, "तुमचं पोर्टल कनेक्ट होत नाही." आम्ही विचारतो, स्क्रीनवर काय लिहून येतंय? "काही नाही हो, नुसतं गोल फिरतंय." गोल फिरत असेल, तर बहुतेक वेळा जोडणी व्यवस्थित असते आणि तुमचं काम रांगेत उभं असतं.

‘सुरू करा’ दाबलंत की पोर्टल तुमच्या नावाने स्लर्मकडे एक जॉब टाकतं. स्लर्म हा क्लस्टरवरचा मुकादम. मागितलेले कोअर (प्रोसेसरचे भाग) आणि मेमरी एखाद्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एका संगणकावर, मोकळी झाली की तो जॉब तिथे सोडतो, मग तिथे ज्युपिटर (ब्राउझरमध्ये कोड लिहून चालवायचं नोटबुक) उठतं आणि त्यानंतरच पोर्टल तुम्हाला त्याच्याशी जोडून देतं. क्लस्टर रिकामा असला तर हे मिनिटाभरात होतं, गर्दी असली तर तास जातो.

दाभोळच्या जेटीवर गाडी लावून बसलेल्या माणसाला हॉर्न वाजवून धोपाव्याची फेरीबोट लवकर येत नाही, हे माहीत असतं. पोर्टलवर मात्र तोच माणूस रांगेतून गाडी काढतो, वळसा मारतो आणि पुन्हा शेवटी आणून लावतो. ‘रद्द करा’ आणि परत ‘सुरू करा’ दाबलं की नेमकं हेच घडतं. आमच्याकडे जॉब जितका वेळ थांबतो तितकी त्याची प्रायॉरिटी वाढते. रद्द केलात की ती सगळी वाट पाहणी पाण्यात. पान रिफ्रेश खुशाल करा, त्याने काही बिघडत नाही.

दुसरी जात रद्द न करणाऱ्यांची. लाटांचं गणित करणाऱ्या आमच्या एका ग्राहकाने एका सकाळी सहा टॅबमधून सहा सत्रं टाकली. दुपारी सहाही सुरू झाली. काम एकात, बाकीची पाच नुसती कोअर अडवून. स्लर्म हिशेब धरतो तो अडवलेल्या कोअरचा, वापरलेल्या नव्हे, आणि ज्याचा हिशेब मोठा त्याचा पुढचा नंबर मागे. पुढचे काही दिवस त्यांची प्रायॉरिटी तळाला गेली, आणि फोन आला की तुमचा क्लस्टर स्लो झालाय! त्यानंतर आम्ही एका लॉगिनला दोनच सत्रं ठेवली. "पैसे भरून वर मर्यादा?" असं काहींनी सुनावलं. पण तुमच्या पुढे कोणी सहा गाड्या लावू नयेत, यासाठीच ती आहे.

लवकर नंबर लागावा असं वाटत असेल तर मागणी आटोक्यात ठेवा. 32 कोअर आणि 48 तास मागणारा जॉब मोठी जागा होईपर्यंत थांबतो. 4 कोअर, 2 तासांचा जॉब मोठ्या जॉबसाठी जागा जमेपर्यंत मध्ये रिकाम्या राहणाऱ्या फटीत बसतो. किती मागावं कळत नसेल तर तुमच्या जुन्या जॉबचा वापर पाहून आम्ही आकडे काढून देतो. वार्षिक देखभाल घेतलेल्यांना त्याचा वेगळा आकार नाही.

आता खरोखरचा बिघाड. पोर्टलचं पानच उघडत नसेल तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून बघा. तिथे उघडलं, तर दोष तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये. पान उघडतं, ज्युपिटरही दिसतं, पण कर्नल (नोटबुकमधला कोड चालवणारा भाग) ‘कनेक्टिंग’वरच अडकतो आणि हॉटस्पॉटवर मात्र चालतो, असं असेल तर तुमच्या फायरवॉलने किंवा प्रॉक्सीने वेबसॉकेट (ब्राउझर आणि ज्युपिटरमधली सतत उघडी राहणारी जोडणी) अडवलेलं असण्याची शक्यता मोठी. तुमच्या नेटवर्कवाल्यांना एवढंच सांगा, 443 पोर्टवर आमच्या पत्त्यासाठी वेबसॉकेट सोडा. त्यांना नीट कळलं नाही तर आमचा माणूस येऊन करून देईल. कालपर्यंत चालणारं सत्र आज उठतच नसेल तर आधी क्लस्टरवरच्या तुमच्या होम फोल्डरचा कोटा (जागेची मर्यादा) बघा. तो भरला की ज्युपिटरला स्वतःच्या फायली लिहिता येत नाहीत आणि ते उठता उठताच पडतं.

लाईट गेली किंवा नेट तुटलं म्हणून घाबरू नका. जॉब पुण्यात चालू राहतो, तुटतो तो फक्त तुमचा ब्राउझर. मात्र नोटबुकच्या स्क्रीनवर छापलेलं तेवढ्या वेळातलं आउटपुट हरवू शकतं. म्हणून निकाल फाईलमध्ये लिहा, आणि रात्रभराचं काम नोटबुकमध्ये न चालवता बॅच जॉब (ब्राउझरशिवाय आपोआप चालणारं काम) म्हणून टाका. पावसात ज्यांचं नेट रोजच जातं त्यांच्यासाठी दोन लाईनींचा राउटर आम्ही बसवतो. तो मे महिन्यात सांगा, जूनमध्ये आमचीच माणसं ठिकठिकाणी अडकलेली असतात.

फोन करताना जॉब क्रमांक आणि स्क्रीनवरचा मेसेज जसाच्या तसा सांगा, फोटो पाठवलात तर उत्तम. ‘टाइम आऊट’ आणि ‘रिफ्यूज्ड’ यांत आमच्यासाठी फार फरक आहे. पहिल्यात पलीकडून उत्तरच आलेलं नसतं, दुसऱ्यात मशीन जागं असतं पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नसतं. दुपारी दीड ते अडीच आम्ही जेवायला असतो.