८२३ वर्षांची थाप आणि ३० फेब्रुवारी

२०२६ चा फेब्रुवारी जवळ आला तसा तो निरोप पुन्हा फिरायला लागला. 'या महिन्यात चार रविवार, चार सोमवार, चार मंगळवार... सगळे वार चार-चार. असा योग ८२३ वर्षांतून एकदाच येतो. पुढे पाठवा, धनलाभ होईल.' मला तो तिघांकडून आला. त्यातला एकजण इंजिनिअर आहे.

२८ दिवसांच्या महिन्यात प्रत्येक वार चार वेळा येणार नाही तर किती वेळा येणार? २८ भागिले ७, बाकी शून्य. लीप वर्ष सोडलं तर दर फेब्रुवारीत हेच होतं. २०२६ च्या फेब्रुवारीची गंमत एवढीच की तो रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो, त्यामुळे कॅलेंडरच्या पानावर नीटनेटका चौकोन दिसतो. असा चौकोन २०१५ मध्ये होता आणि २०३७ मध्ये पुन्हा येईल. याच थापेचा थोरला भाऊ म्हणजे 'पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार'. ३१ दिवसांचा महिना शुक्रवारी सुरू झाला की झालं. जानेवारी २०१० ते मे २०१५ या काळात असे महिने सहा वेळा आले.

मला खटकतो तो ८२३ हा आकडा. कुणीतरी तो हवेतून काढला आहे हे सहज सिद्ध करता येतं, कारण आपल्या कॅलेंडरमध्ये तारीख आणि वार यांची कुठलीही जोडी ४०० वर्षांनी हमखास परत येतेच. त्याहून दुर्मीळ योग या कॅलेंडरमध्ये असूच शकत नाही. हे ४०० कुठून आले, त्यासाठी बाकीचा हिशेब बघावा लागतो. शाळेत भागाकार संपल्यावर उरते ती बाकी. कॅलेंडरच्या इतिहासातल्या निम्म्या विचित्र कथा तिनेच घडवल्या आहेत.

एका वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस आणि रात्र सारखे होतात तो क्षण) पुढच्या वसंतसंपातापर्यंत सुमारे ३६५.२४२२ दिवस जातात. म्हणजे ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि वर ४५ सेकंद. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं आणि सूर्याभोवती फिरणं यांचा एकमेकांशी काही करार झालेला नाही, त्यामुळे भागाकार पूर्ण जाण्याचं कारणच नाही. ज्युलियस सीझरने ही बाकी ०.२५ धरली आणि इ.स.पू. ४५ पासून दर चार वर्षांनी एक दिवस वाढवायचं ठरवलं. त्याआधी रोमच्या कॅलेंडरचा इतका विचका झाला होता, की ते मार्गावर आणायला इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं.

इ.स.पू. ४४ मध्ये सीझरचा खून झाला आणि कॅलेंडर पुरोहितांच्या हाती गेलं. रोमन लोक मोजताना सुरुवातीचा आकडाही धरत. त्यामुळे 'दर चौथ्या वर्षी' याचा अर्थ पुरोहितांनी चालू लीप वर्ष पहिलं धरून लावला, आणि लीप वर्ष दर तीन वर्षांनी येऊ लागलं. ३६ वर्षांत ९ ऐवजी १२! शेवटी सम्राट ऑगस्टसला काही वर्षं लीप वर्षच बंद ठेवून ती चूक जिरवावी लागली.

हिशेब सुधारला तरी सीझरचा ०.२५ खऱ्या बाकीपेक्षा ०.००७८ दिवसाने जास्त होताच. वर्षाला ११ मिनिटं. माणसाच्या आयुष्यात हा फरक कळणारही नाही, पण १२८ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. इ.स. ३२५ मध्ये निकाइयाची धर्मपरिषद भरली तेव्हा वसंतसंपात २१ मार्चच्या आसपास होता. १५८२ पर्यंत तो ११ मार्चवर सरकला होता. ईस्टरची तारीख २१ मार्च हाच संपात धरून काढत असल्यामुळे चर्चला हे परवडणारं नव्हतं.

लिलियस नावाच्या इटालियन वैद्याने यावर तोडगा काढला होता. स्वतः तो १५७६ मध्येच वारला. क्लाव्हियस या गणितज्ञ पाद्र्याने पुढे ती योजना लावून धरली आणि पोप ग्रेगरी तेरावे यांनी २४ फेब्रुवारी १५८२ रोजी फर्मान काढलं. साचलेले १० दिवस एकदम काढून टाकायचे. पुढे शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप धरायचं. म्हणून १६०० आणि २००० लीप. १७००, १८००, १९०० नाहीत, २१०० ही नसेल.

अशा रीतीने इटली, स्पेन, पोर्तुगाल इथे गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. वारांची साखळी तुटली नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. स्पेनमधल्या अव्हिलाची संत तेरेसा नेमकी ४ ऑक्टोबरला वारली. दुसऱ्या दिवशी तिला पुरलं, तेव्हा तारीख १५ होती.

आता ४०० वर्षांत किती दिवस होतात ते मोजू. ४०० गुणिले ३६५, अधिक ९७ लीप दिवस, म्हणजे १,४६,०९७. याला ७ ने भागा. उत्तर २०,८७१ आठवडे, बाकी शून्य! ही बाकी शून्य येईल असं लिलियसने काही ठरवलं नव्हतं, तो निव्वळ योगायोग आहे. पण त्यामुळे ४०० वर्षांनी सगळे वार जिथल्या तिथे येतात आणि ८२३ वर्षांची थाप तिथेच मरते.

याचे परिणाम मजेशीर आहेत. शंभर वर्षांनी वार पाचने पुढे सरकतो, चारशेच्या चक्रात एकदाच सहाने. म्हणून शतकाचा पहिला दिवस फक्त सोमवार, शनिवार, गुरुवार किंवा मंगळवार असू शकतो (१ जानेवारी २००१ ला सोमवार होता). रविवारी शतक कधीच सुरू होणार नाही. दुसरी गोष्ट १३ तारखेची. ४०० वर्षांत ४,८०० महिने, तेवढ्याच १३ तारखा. त्या सात वारांत सारख्या वाटल्या जात नाहीत, कारण ४,८०० ला ७ ने भाग जात नाही. सगळ्यात जास्त वेळा, ६८८ वेळा, १३ तारखेला कोण येतो? शुक्रवार. गुरुवार आणि शनिवार ६८४ वेळा. तेराच्या शुक्रवारला अशुभ मानणाऱ्यांना हे कळवायला हरकत नाही: तो योग वर्षातून एकदा तरी येतोच, कधीकधी तीनदा येतो, आणि अपशकुन म्हणून तो फारच स्वस्त आहे.

थोडं आणखी आत जाऊ. गणिताचा कंटाळा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. ४०० त ९७ हे उत्तर सर्वांत चांगलं आहे का? ०.२४२२ उलटा करा, म्हणजे १ ला त्याने भागा, ४.१२९ येतं. पूर्णांक ४ घेतला की अपूर्णांक मिळतो १/४, म्हणजे सीझर. उरलेला तुकडा पुन्हा उलटा करा, पूर्णांक घ्या, पुन्हा उलटा. एकेका पायरीला ७/२९, मग ८/३३, मग ३१/१२८ मिळतात. ९७/४०० या रांगेत नाहीच! ३३ वर्षांत ८ लीप वर्षं हा सोपा नियमसुद्धा ग्रेगरीच्या नियमापेक्षा खऱ्या बाकीच्या जवळ जातो, आणि १२८ वर्षांत ३१ तर जवळजवळ तंतोतंत. मग ते का घेतले नाहीत? शंभराने आणि चारशेने भाग जातो का हे कुणालाही बघता येतं, १२८ च्या पाढ्याचं तसं नाही. शिवाय १२८ वर्षांच्या दिवसांना ७ ने भागल्यावर ५ उरतात, त्यामुळे वारांचं चक्र पुरं व्हायला ८९६ वर्षं लागली असती. तेव्हा कदाचित त्या निरोपवाल्यांचं फावलं असतं.

कॅथलिक देशांनी पोपचा हुकूम मानला, इतरांनी पोपचा म्हणूनच मानला नाही. सगळ्यात मोठा घोळ स्वीडनने घातला. तिथे ठरलं की दहा-अकरा दिवसांचा धक्का नको, १७०० ते १७४० मधले लीप दिवस एकेक करून गाळू. १७०० चा गाळला. मग युद्ध पेटलं आणि १७०४ व १७०८ चे गाळायचे राहून गेले. आता स्वीडनची तारीख जुन्या कॅलेंडरच्या एक दिवस पुढे आणि नव्याच्या दहा दिवस मागे होती, कुणाशीच न जुळणारी. वैतागून राजा बारावा चार्ल्स म्हणाला, जुनंच बरं. पण मागे येण्यासाठी गाळलेला दिवस परत घालायला हवा होता. १७१२ लीप वर्ष होतंच, त्यात आणखी एक दिवस टाकला, आणि स्वीडनने ३० फेब्रुवारी पाहिला. शेवटी १७५३ मध्ये त्यांनीही नवं कॅलेंडर घेतलं.

ब्रिटनमध्ये २ सप्टेंबर १७५२ नंतर १४ सप्टेंबर आला. 'आमचे अकरा दिवस परत द्या' म्हणून लोकांनी दंगली केल्या, असं हौसेने सांगितलं जातं. दंगलींचा पुरावा मात्र नाही. त्या घोषणेचा फलक हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराच्या एका निवडणुकीच्या चित्रात आहे, आणि पुढच्यांनी चित्रालाच बातमी समजून घेतलं. रशियाने १९१८ पर्यंत वाट पाहिली, म्हणून तिथली 'ऑक्टोबर' क्रांती बाकी जगासाठी ७ नोव्हेंबरला झाली.

विज्ञानाच्या लेखांत नेहमी दिसणारं एक वाक्य आहे: 'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला.' पुढे हळूच पुनर्जन्माची सूचनाही असते. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ रोजी वारला, इटलीच्या नव्या कॅलेंडरनुसार. न्यूटन २५ डिसेंबर १६४२ रोजी जन्मला, इंग्लंडच्या जुन्या कॅलेंडरनुसार. दोन्ही नव्यात मोजा: न्यूटन ४ जानेवारी १६४३. दोन्ही जुन्यात मोजा: गॅलिलिओ २९ डिसेंबर १६४१. कुठलंही एक कॅलेंडर धरलं तरी वर्ष जुळत नाही.

हे घोळ जुन्या काळाबरोबर संपले असं वाटत असेल, तर एक्सेल उघडून २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख टाका. ते ती मुकाट्याने स्वीकारतं. १९०० लीप वर्ष नव्हतं. ही चूक लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये होती. त्यातल्या फाइली एक्सेलमध्ये बरोबर चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती जाणूनबुजून ठेवली आणि अजूनही काढलेली नाही. त्या नसलेल्या दिवसामुळे एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० ला रविवार येतो. त्या दिवशी सोमवार होता.