विश्वासणाऱ्याच्या हातातले पुस्तक: सोप्या ईशज्ञानाची पार्श्वभूमी

इ. स. ४२१च्या सुमारास लॉरेन्शियस नावाच्या एका विश्वासणाऱ्याने उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याच्याकडे सतत हाताशी राहील असे लहान पुस्तक मागितले. उत्तरादाखल आलेल्या ग्रंथाचे नावच ‘एन्कायरिडियन’, म्हणजे हातात मावणारे. त्याची तीन अंगे होती: विश्वास, आशा आणि प्रीती. विश्वासाचा भाग मतांगिकाराच्या, म्हणजे ख्रिस्ती विश्वास थोडक्यात सांगणाऱ्या कबुलीच्या, क्रमाने चालतो आणि आशेचा भाग प्रभूच्या प्रार्थनेवर, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेवर, उभा राहतो. पण एकेक शंका फेडता फेडता विश्वासाचाच भाग एवढा वाढला की आशा आणि प्रीती शेवटच्या मोजक्या प्रकरणांत उरकावी लागली. सामान्य विश्वासणाऱ्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांना हे दुखणे तेव्हापासून आहे.

पुढे अकराशे वर्षांनी जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने त्यावर सर्वांत कडक पथ्य पाळले. १५२८ मध्ये सॅक्सनीतील ख्रिस्ती मंडळ्यांची पाहणी करताना खेड्यांतल्या लोकांना, आणि कित्येक पाळकांनाही, विश्वासाच्या प्राथमिक गोष्टी ठाऊक नसल्याचे त्याला दिसले. १५२९ मध्ये त्याची लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न आणि उत्तरांतून विश्वास शिकवणारे पुस्तक, आले. ते आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात निघाले, मग पुस्तक म्हणून. प्रत्येक भागाच्या माथ्यावर लिहिले आहे की हे घरच्या कर्त्याने आपल्या घरच्यांना सोपे करून शिकवावे. म्हणजे हे पुस्तक एकट्याने मनात वाचण्यासाठी नव्हते. घरात, मोठ्याने, पुन्हा पुन्हा म्हणण्यासाठी ते लिहिले गेले.

प्रस्तावनेत लूथरने पायऱ्याही घालून दिल्या. आधी दहा आज्ञा, मतांगिकार आणि प्रभूची प्रार्थना यांचा एकच पाठ निवडायचा आणि वर्षानुवर्षे त्यातला शब्दही बदलायचा नाही. तो पाठ झाला की अर्थ शिकवायचा, तोही एकेक भाग घेऊन. त्याचीच सविस्तर मोठी प्रश्नोत्तरी त्यानंतर. शब्द न बदलण्याचे कारण अगदी व्यवहारी आहे: यंदा एक पाठ, पुढल्या वर्षी दुसरा, असे झाले की नवशिका गोंधळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. आजही एकाच महिन्यात तीन भाषांतरे चाळणाऱ्या वाचकाच्या बाबतीत नेमके हेच घडते. आज्ञा, मतांगिकार, प्रार्थना या क्रमाचे कारण लूथरने १५२० मध्येच सांगितले होते: आज्ञांतून आजार कळतो, मतांगिकारातून औषध कुठे आहे ते कळते आणि प्रार्थनेतून ते मागायचे कसे ते कळते.

दुसरा धर्मसुधारक जॉन कॅल्विन याच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ख्रिस्ती शिकवणीच्या ग्रंथाची पहिली लॅटिन आवृत्ती (१५३६) सहा प्रकरणांची होती, आणि तिची सुरुवातही याच क्रमाने होते. १५४१ मध्ये लॅटिन न येणाऱ्यांसाठी त्याने ती, तोवर बरीच वाढलेली, स्वतः फ्रेंचमध्ये आणली. १५५९पर्यंत तिची ८० प्रकरणे झाली. आजचा वाचक ही शेवटची आवृत्ती पहिल्या पानापासून वाचू लागतो आणि पहिल्याच खंडात थकतो. त्यापेक्षा तिसऱ्या खंडाची ६ ते १० ही प्रकरणे आधी घ्यावीत. ख्रिस्ती जीवनावरच्या या प्रकरणांचे स्वतंत्र छोटे पुस्तकही होत आले आहे. देवाच्या पूर्वनिवडीवर, म्हणजे कोण तारला जाईल हे देवाने आधीच ठरवले या मतावर, वाद घालण्यासाठी अनेक जण थेट त्याच खंडाच्या २१व्या प्रकरणावर उडी मारतात. कॅल्विनने मात्र त्याच्या आधी प्रार्थनेवरचे भलेमोठे विसावे प्रकरण ठेवले आहे.

रोजच्या वाचनासाठी सर्वांत नीट बेतलेले पुस्तक, आमच्या मते, १५६३ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी. जर्मनीतील पॅलाटिनेटचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला संस्थानिक) फ्रेडरिक तिसरा याने ती करून घेतली. तिच्या मांडणीत मोठा वाटा झाखारियास उर्झिनस या ईशज्ञानाच्या अभ्यासकाचा, तेव्हा तो तिशीतही नव्हता. एकूण १२९ प्रश्न आहेत: पहिले दोन प्रास्ताविक, ३ ते ११ माणसाच्या दुर्दशेवर, १२ ते ८५ सुटकेवर, ८६ ते १२९ कृतज्ञतेवर. पापावर अवघे नऊ प्रश्न, हे प्रमाण मुद्दाम पाहावे. त्याच वर्षी ती ५२ रविवारांत विभागली गेली. एका रविवारी एक ते पाच प्रश्न येतात, मोठ्याने वाचायला दहा मिनिटे पुरतात. उत्तरांच्या समासात दाखला म्हणून दिलेली बायबलमधली वचने हा पुस्तकाचा अर्धा भाग समजावा. आठवडाभरात ती शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, उघडावीत आणि मागच्यापुढच्या वचनांसह वाचावीत. ती वगळली की उत्तर नुसते घोषवाक्य होऊन बसते, आणि वर्षाचे पुस्तक दोन रात्रींत संपवले तर हाती काहीच राहत नाही.

मराठीत हे काम प्रश्नोत्तरांऐवजी ओवीने केले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे (जेझुइट हा कॅथलिक धर्मसंघ) ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांकडून जुनी पुराणे काढून घेतली होती आणि त्यांची जागा रिकामी होती. ग्रंथातलाच एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की शिकवण पटते, पण तशीच आम्हांला एखादी पुराणकथा हवी. सुमारे ११ हजार ओव्यांत ती मागणी पुरी झाली: पहिल्या पुराणात ३६ अवस्वरांत (अध्यायांत) जुना करार, दुसऱ्यात ५९ अवस्वरांत ख्रिस्तचरित्र. देहधारणासारखा, म्हणजे देव माणूस झाला यासारखा, अवघड विषय यात व्याख्येने येत नाही, कथा ऐकता ऐकता तो उलगडतो. म्हणून हा ग्रंथ गाऊन किंवा किमान मोठ्याने वाचावा. डोळ्यांनी भरभर वाचला तर सोळाव्या-सतराव्या शतकाची भाषा अडते. कानाला ती लवकर सरावते.

कॅथलिक वाचकासाठी १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात २८६५ परिच्छेद आहेत. तो कसा वाचायचा हे त्याच्या सुरुवातीलाच सांगितले आहे. बारीक टायपातला मजकूर पूरक आहे, तो पहिल्या वाचनात सोडला तरी चालतो. प्रत्येक घटकाच्या शेवटी पाठ करता येतील अशी थोडक्यात सूत्रे आहेत. आधी ती वाचावीत, मग मागे यावे. समासातले आकडे त्याच विषयावरचे दुसरे परिच्छेद दाखवतात. २००५ मध्ये त्याचा संक्षेप निघाला तो पुन्हा प्रश्नोत्तरांचा, ५९८ प्रश्नांचा.

मराठी वाचक शेवटी अडतो तो शब्दांपाशी. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाले. तरी काही शब्द अजून चकवतात. ‘नीतिमान ठरणे’ वाचले की मराठी मनाला सदाचरणी माणूस दिसतो. नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या-चौथ्या अध्यायात मात्र देवाने आपल्या कृपेने दिलेल्या निवाड्याची गोष्ट आहे. या एका शब्दावर पेन्सिलीने खूण करून हायडेलबर्गचा ६०वा प्रश्न (देवापुढे तू नीतिमान कसा ठरतोस?) शेजारी ठेवला, तर ते दोन अध्याय नव्याने वाचावे लागतात.