वेदीपाशीच उभे असलेले संदेष्टे

इ.स.पू. आठव्या शतकात तकोवाचा मेंढपाळ आमोस हा बायबलमधला संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा, उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात, बेथेलच्या देवळापर्यंत जाऊन बोलला. तुमचे सण देवाला नकोसे झालेत, होमबली (वेदीवर जाळायची अर्पणं) नकोत, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असा त्याचा सूर. तिथला याजक, म्हणजे पुरोहित, अमस्या भडकला. हे राजाचं देऊळ आहे, तू यहूदात, तुझ्या दक्षिणेकडच्या राज्यात जा आणि तिथेच पोट भर, असं त्यानं बजावलं.

या प्रसंगामुळे संदेष्टे म्हणजे कर्मकांडाचे वैरी, ही समजूत पक्की झाली. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन अभ्यासकांनी, विशेषतः वेलहाउझेन यांनी, तिला वजन दिलं. मला ती अपुरी वाटते. यशया या संदेष्ट्याला दर्शन झालं ते मंदिरात, आणि त्याच्या ओठांना लागलेला निखाराही वेदीवरचाच. यिर्मया अनाथोथच्या याजक घराण्यातला, यहेज्केल तर स्वतः याजक. हबक्कूक या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात चक्क तंतुवाद्यांवर गाण्याची सूचना आहे. विसाव्या शतकात नॉर्वेचे अभ्यासक मोविंकेल यांनी देवळाच्या सेवेतच संदेष्टे असत, असं मांडलं, ते अशाच खुणांवरून.

आमोसने बैर-शेब्याच्या यात्रेलाही नावं ठेवली होती. तिथल्या उत्खननात १९७३मध्ये कोपऱ्यांना शिंगं असलेल्या मोठ्या वेदीचे दगड सापडले. वेदी मोडून ते कुणीतरी कोठाराच्या भिंतीत चिणले होते.

इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्यानं यरुशलेमचं मंदिर जाळलं. हद्दपारीतला यहेज्केल दर्शनात नव्या मंदिराची मापं पाहत होता. ५२०मध्ये हाग्गय आणि जखऱ्या या संदेष्ट्यांनी लोकांना बांधकामाला लावलं आणि ५१५च्या सुमारास मंदिर उभं राहिलं. पुढे मलाखी या संदेष्ट्याची तक्रार आमोसच्या उलट: आंधळी, लंगडी जनावरं अर्पण करता, सुभेदाराला तरी अशी द्याल का?

इ.स. ७०मध्ये रोमनांनी तेही मंदिर पाडलं आणि बलिदानं थांबली. संदेष्ट्यांचे ग्रंथ मात्र सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, उपासनेत राहिले. शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, वाचनानंतर त्यांतला उतारा वाचतात, त्याला हफ्तारा म्हणतात. योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, सकाळी सगळे उपाशी असताना वाचला जातो तो यशयाचा उतारा, आणि त्यात देव विचारतो, मला हवा तो उपास हाच का?

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडे एलियाहू हान्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावानं मलिदा हा विधी होतो: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. कर्मेल डोंगरावरची मोडलेली वेदी पुन्हा रचणारा संदेष्टा तो हाच.