धुराच्या इशाऱ्यावर फुलणारा कंद

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या आसपासच्या डोंगरांवर ‘फाइनबॉस’ नावाची झुडपी राने आहेत. कोरड्या उन्हाळ्यात तिथे वणवे पेटतात. आग विझली की उतारावर राख आणि काळे खुंट तेवढे उरतात. आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत त्याच राखेतून लालभडक फुले वर येतात! पान एकही नाही. वीतभर दांडा आणि टोकाला खाली झुकलेल्या, नळीसारख्या फुलांचा झुबका. ही फायर लिली, शास्त्रीय नाव सिर्टँथस व्हेंट्रिकोसस. नावात लिली असली तरी ती अ‍ॅमरिलिडेसी कुळातली, म्हणजे कांदा-लसणाच्या गोतातली.

दोन वणव्यांमध्ये अनेकदा १०-१५ वर्षे जातात. तेवढा काळ तिला फूल येत नाही. पाने येतात, अन्न साठवतात आणि कंद जमिनीखाली टिकून राहतो. माती उष्णता फार हळू आत जाऊ देते, त्यामुळे वर ज्वाळा उसळत असल्या तरी कंद होरपळत नाही.

मग आग येऊन गेल्याचे त्याला कळते कसे? उष्णतेमुळे? राखेतल्या क्षारांमुळे? की झुडपे जळून ऊन जमिनीवर पोचल्यामुळे? १९९३ साली अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन कीली यांनी दाखवून दिले की नुसत्या धुरानेही फायर लिली फुलते. मला तर हे फार विलक्षण वाटते. आगीची झळ न लागताही निव्वळ धुरातल्या रसायनांवरून हा कंद फुलायची वेळ ओळखतो.

तो इतक्या झटपट फुलतो, कारण नव्याने फारसे काही घडवायचे नसते. या कुळातल्या अनेक कंदांच्या पोटात पुढच्या बहराची कळी आधीच तयार असते.

घाई करण्यात फायदाही मोठा आहे. झुडपांची सावली गेलेली, राखेतून पोषणद्रव्ये मातीत उतरलेली. चपट्या, काळ्या, पंखासारख्या कडा असलेल्या बिया वाऱ्यावर उडतात आणि मोकळ्या जमिनीवर पडतात. आठ-दहा वर्षांनी याच जागी दाट झुडपांत पडलेल्या बीला एवढी मोकळीक मिळणार नाही.

तिची बहीण सिर्टँथस इलॅटस वणव्यानंतर भरभरून फुलते, पण तिचे आगीवाचून अडत नाही. म्हणूनच ती जगभर कुंड्यांमध्ये लावली जाते. फायर लिली मात्र हौशी बागवानांना सहसा दाद देत नाही.